नानांचं फेंगशुई आणि सुमनकाकींचं नवं

नाना ठोंबऱ्यांच्या घरात शिरताना चपला नुसत्या काढून चालत नसे, त्या बसवाव्या लागत. पायरीवर पिवळ्या ऑइलपेंटने चपलांच्या जोड्या काढलेल्या होत्या, टाचा भिंतीकडे आणि अंगठे रस्त्याकडे. डावी-उजवी चुकली की आतून आवाज यायचा, "बाई, उलटी झाली!" नाना आपले आत खुर्चीत, तिथून पायरी दिसत नाही, तरी त्यांना कळायचं. मी सुरुवातीला थक्क व्हायचे. मग लक्षात आलं की सगळेच चपला उलट्या ठेवतात आणि नाना येईल त्याला ओरडतात.

नाना आमचे कर्जतच्या भिसेगावातले शेजारी. साजगावच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी स्टोअर सांभाळण्यात काढली. तिथे एकदा बाहेरून कुणी साहेब आले आणि कामगारांना जपानी शिस्त शिकवून गेले. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखा, झाडा-पुसा आणि हे रोज करा. बाकीच्यांनी त्यातला समोसा तेवढा लक्षात ठेवला, नानांनी शिस्त लक्षात ठेवली. पुढे निवृत्त होताना स्टोअरमधल्या मित्रांनी त्यांना थट्टेने एक हसरा बुद्ध दिला, ढेरी सुटलेला, हात वर केलेला. थट्टा नानांना कळली नाही. त्यांनी खोपोलीच्या एसटी स्टँडवरून फेंगशुईचं एक पातळसं पुस्तक घेतलं, ते वाचलं आणि त्यांना वाटलं, अरे, हे तर आपलं साजगावचंच!

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, ते जपानी आणि हे चिनी. दोन वेगळे देश आहेत."

"दोघंबी भातच खातात ना?" नाना म्हणाले. "मग झालं."

त्या दिवसापासून भिसेगावात फेंगशुई आलं ते नानांच्या हातून, पिवळ्या ऑइलपेंटसकट. "फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. दोन्ही कर्जतला ढीगभर. फक्त आपली दारं चुकलीत," असं ते सांगत. दाराच्या समोर आरसा नको, आलेलं सुख आपलंच तोंड बघून परत जातं. दाराकडे पाय करून झोपू नये. संडासाचं झाकण उघडं राहिलं की घरातली बरकत त्यातून जाते, यावरून आमच्या ह्यांना त्यांनी भर रस्त्यात विचारलं होतं, "साहेब, सकाळी झाकण लावलंत का?" तेव्हा ह्यांच्याबरोबर त्यांचे ऑफिसातले वरिष्ठ होते.

पण नानांचा खरा जीव मनाच्या खात्यात. कुणी उदास दिसलं, कुणाला झोप येईना, कुणाचं सुनेशी पटेना, की नानांचा एकच उतारा असायचा: "घरातला एक कप्पा रिकामा करा." म्हणायचे, "मन म्हंजे काय वो बाई, स्टोअरच. नुसतं येतच राहिलं नि बाहेर काय गेलंच नाय, तर माणूस उभा कुठं राहणार?" गंमत सोडा, हे ऐकून मी एकदा खरोखरच माझं कपाट आवरलं होतं आणि मला बरं वाटलं होतं. नानांना मात्र हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी घरातली उरलेली कपाटंही रिकामी करून टाकली असती.

त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात भिंतीवर उलथनं, झारा, सांडशी, किसणी यांच्या आकृत्या होत्या. प्रत्येक आकृतीत खिळा आणि खिळ्याला ती ती वस्तू. सुमनकाकी, म्हणजे नानांची बायको, हे सगळं गप्प बसून बघायच्या. कडावची बाई, बुटकी, अंगाने भरलेली, आवाज कधी चढायचा नाही. त्या रोज भांडी घासून झाली की सांडशी झाऱ्याच्या जागी आणि झारा किसणीच्या जागी टांगून ठेवायच्या. नाना आले की पुन्हा सगळं जागेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना तेवढंच काम हाय गं दिवसभर. ते बी काढून घेऊ का?"

नानांच्या सल्ल्याला गिऱ्हाईक कमी नव्हतं. आमच्या नाक्यावर पिंट्याचं सलून आहे. समोर आरसा, मागे आरसा. नानांनी बघितल्या बघितल्या कपाळाला हात लावला. "आरे, लक्ष्मी दोन आरशांच्या मधी सापडली तर चक्कर येऊन पडंल रं!" पिंट्याने घाबरून मागच्या आरशावर पडदा टाकला. महिनाभर सगळं ठीक चाललं. मग लग्नसराईत एक नवरदेव केस कापून गेला आणि त्याच्या डोक्यामागे पायरी राहिली. दुसऱ्या दिवशी त्याचे चुलते सलूनच्या दारात. पिंट्याने सगळ्यांना सरळ नानांकडे धाडलं. नाना जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "नवरदेवाला मागनं बघतोय कोण?"

"आख्खा मांडव मागंच बसतो, नाना!" चुलते ओरडले.

पडदा त्याच दिवशी निघाला. नानांनी तोही पिंट्याकडून मागून आणला आणि घडी घालून जागेवर ठेवला.

मी हसत लिहितेय खरी, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची खाट पुढच्या खोलीत तशीच राहिली होती. तिच्यावर कुणी बसेना आणि ती हलवायलाही कुणी धजेना. येणारेजाणारे तिच्याकडे बघून आवाज खाली करायचे. एका सकाळी नाना आले. मला वाटलं, आता दिशा सांगतील. ते आले आणि सरळ खाटेवर मांडी घालून बसले. "बाई, च्या हिथंच आणा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी पेपर घेऊन आले आणि चहा पिता पिता सासूबाईंच्या आठवणी काढून त्यांच्या तिरसटपणाला हसले. चारपाच दिवसांत आमची मुलगी दप्तर घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि ती खाट पुन्हा नुसती खाट झाली. त्या वेळी नानांनी ऊर्जेचं वगैरे एक अक्षर काढलं नाही. मला ते फार भावलं.

तर असा हा माणूस. आणि त्याची बायको घर सोडून गेली.

आमच्याकडे दसऱ्याला दारावर नवं बांधतात. शेतातल्या भाताच्या ताज्या लोंब्या, आंब्याची पानं आणि कुर्डूची फुलं एकत्र बांधून चौकटीवर लावायची. ते वर्षभर तिथेच राहतं, सुकतं, त्यातले दाणे चिमण्या नेतात, आणि पुढच्या दसऱ्याला नवं आलं की मगच जुनं उतरतं. सुमनकाकींच्या दारावरचं नवं दरवर्षी कडावहून त्यांच्या भावाच्या, यशवंतमामांच्या शेतातून यायचं. त्या वर्षी दसरा झाला आणि हिवाळ्यात ते शेत गेलं. भाऊबंदांचं एकत्र होतं, सगळ्यांनी मिळून विकलं. बांध मोडले, कुंपण आलं, आणि मुलुंडच्या एका कामत मॅडमचं फार्महाऊस उभं राहिलं, पुढे हिरवंगार लॉन.  सुमनकाकी त्यानंतर संध्याकाळी उंबऱ्यावर बसू लागल्या, नव्याच्या बरोबर खाली.

गुढीपाडव्याच्या आधी नानांनी घर आवरायला काढलं. पुस्तकात होतं, सुकलेली फुलं-पानं घरात ठेवू नयेत, ती मेलेली ऊर्जा. मुख्य दारावर तर नकोच नको. सुमनकाकी दळण आणायला गेल्या होत्या. नानांनी स्टुलावर चढून नवं उतरवलं, त्या जागी पितळी नळ्यांची वाऱ्यावर वाजणारी घंटी लावली, आणि तेवढ्यात घंटागाडी आली.

काकी पिठाचा डबा घेऊन आल्या. दारात थांबल्या. वर बघितलं. मी आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते, मला सगळं दिसत होतं.

"नवं कुठं हाय?"

"सुकलेलं गं ते. गाडीत दिलं."

काकी चौकटीकडेच बघत राहिल्या, तेव्हा नानांना वाटलं त्यांना शिस्तीची काळजी आहे. म्हणाले, "सुक्यातच टाकलं, ओल्यात नाय."

पिठाचा डबा काकींनी पायरीवर ठेवला, चपलेच्या आकृतीवर. आत गेल्या, पिशवी भरली, आणि बाहेर येऊन कडावच्या टमटमकडे चालू लागल्या. नाना मागे धावले. "अगं, पण झालं काय? सांगशील का नाय?" काकी वळल्या. आवाज तेव्हाही चढला नाही. म्हणाल्या, "माझ्या दाराला माझं नवं लागंल, तवा येईन. तोवर तुमचं घंटाळं ऐकत बसा." आणि गेल्या.

नानांना वाटलं, आठवडाभरात येतील. आठवडा गेला, मग महिना गेला. ते कडावला गेले की काकी मागच्या दाराने शेजारणीकडे जायच्या. फोन लावला की यशवंतमामा उचलायचे आणि म्हणायचे, "न्हाय येत म्हणती, दाजी. मी काय करू?" गावाला मात्र चांगलाच विषय मिळाला. पिंट्या दाढी करता करता विचारायचा, "नाना, घरात सुख-शांतीचा कोपरा कुठला वो?" नाना साबणाच्या फेसात डोळे मिटून घ्यायचे. लोक सल्ला विचारायला आले की शेवटी कुणीतरी म्हणायचंच, आधी आपलं घर बघा. नाना सल्ला देईनासे झाले. आमच्याकडे जेवायला यायचे आणि खाली मान घालून जेवायचे. आमचं मीठ चुकीच्या दिशेला असूनही काही बोलत नसत. एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "सांडशी रोज जाग्यावरच असते आता." आणि त्यांचे डोळे भरून आले. मला त्या माणसाचा इतका राग आला होता, तरी त्या दिवशी मी त्यांना आग्रह करून आणखी भात वाढला.

म्हटलं, "नाना, दुसऱ्या कुणाच्या शेतातलं नवं आणून बांधा की."

"दुसऱ्याचं तिला नको, बाई. माहेरचं पायजे. आन् माहेरावर लॉन हाय."

मे महिन्यात एका रविवारी ते सकाळीच आले. इस्त्रीचा शर्ट, हातात होकायंत्र. म्हणाले, "स्कूटी काढा. कडावला कामत मॅडमनी बोलावलंय, कारंजं कुठं बसवायचं ते बघायला." मला शंका आली. ती खरी निघाली, मॅडमनी आपणहून बोलावलेलं नव्हतं. यशवंतमामा त्या फार्महाऊसवर राखणीला लागले होते आणि त्यांनीच मॅडमच्या कानात नानांचं नाव घातलं होतं. सबंध रस्ता नाना मागे बसून मला वळणं सांगत होते, आणि कडावला जाताना वळणं फारशी नाहीतच.

कामत मॅडम चांगल्या होत्या. पांढरे कपडे, पायात काही नाही. त्यांनी नानांना लॉन दाखवलं, कारंज्याची जागा दाखवली. नाना सगळीकडे होकायंत्र घेऊन फिरले. पूर्वेच्या कुंपणाजवळ एक सखल तुकडा होता, तिथे ते बराच वेळ थांबले. यशवंतमामा लांबून बघत होते.

"मॅडम," नाना म्हणाले, "कारंजं नको. हा तुमचा भरभराटीचा कोपरा हाय. हिथं पाणी पायजे, पण उडणारं नको, साचलेलं पायजे. आन् त्या पाण्यात भात."

"भात? लॉनमध्ये?"

"चीनमधी मोठमोठ्या लोकांच्या अंगणात असाच एक तुकडा असतो. घरचं मन शांत राहतं. दसऱ्यापर्यंत तर ठेवायचाच."

मॅडमच्या डोळ्यांत चमक आली. म्हणाल्या, "हाऊ ब्युटिफुल." आणि मामांना तिथलं लॉन उचलायला सांगितलं. मामा कुदळ आणायला इतक्या लगबगीने गेले, की मला हसू आवरेना.

परत येताना मी विचारलं, "नाना, हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?"

"लिहायचं ऱ्हायलं असंल," नाना म्हणाले.

बियाणं मामांनी डब्यात राखलेलं होतं, आपल्याच शेतातलं, शेवटच्या हंगामाचं. लावणी नानांनी स्वतः केली. जन्म शेतकऱ्याचा असला तरी हयात स्टोअरमध्ये गेलेली, त्यामुळे सुतळी बांधून सरळ रेषेत रोपं लावली. कडावची माणसं कुंपणाबाहेर उभी राहून हसत होती. कामत मॅडम फोटो काढत होत्या. नाना गुडघाभर चिखलात वाकलेले आणि छत्री कुणी धरायला नाही. त्यानंतर दर रविवारी ते जायचे, पाणी बघायचे, बांध बघायचे. तिथून कडावचं घर फर्लांगभर. तिकडे मात्र फिरकायचे नाहीत. "हातात नवं आलं की मगच जाणार," म्हणायचे. भाद्रपदात लोंब्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मला मोबाईलवर फोटो दाखवला. फोटोत त्यांचा अंगठाच जास्त आला होता.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही पुन्हा स्कूटीवरून निघालो. नानांनी तुकड्यातल्या लोंब्या कापल्या, खिशातल्या कातरीने, एकसारख्या लांबीच्या. रबरबँड लावला. आणि कडावच्या घराच्या ओटीवर जाऊन उभे राहिले. सुमनकाकी तांदूळ निवडत होत्या. या खेपेला मागच्या दाराने गेल्या नाहीत. जुडी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"कशानं कापलं?"

"कातरीनं."

"कातरीनं?" काकींनी रबरबँड काढून फेकला. "नवं हाय का केस हायत? आन् रोपं एवढी लांब लांब कोण लावतं? आन् त्या वरच्या बाजूला मोड किती माजलेलं. रोज बघती मी."

म्हणजे बाई रोज बघत होती. सगळं कडाव बघत होतं, मग ती नाही तर कोण बघणार? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नानांच्याही आलं नसावं, कारण ते आ वासून उभे होते.

"सुमन," ते म्हणाले, "मला वाटलं गं, सुकलेलं हाय म्हणून..."

"सुकलेलंच होतं," काकी म्हणाल्या. "म्हणून तर ठेवलेलं. दुसरं हिरवं कुठनं येणार होतं?"

  नानांनी दोन्ही हातांनी आपले कान धरले, शाळेतल्या पोरासारखे. साठीच्या पुढचा माणूस, मेव्हण्याच्या ओटीवर. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

काकी उठल्या. विळा घेतला, साडीचा काचा मारला आणि फार्महाऊसच्या फाटकातून आत गेल्या, कुणाला न विचारता, आपल्याच शेतात शिरावं तशा. कामत मॅडम व्हरांड्यात कॉफी पीत होत्या, त्यांनी हात हलवला. काकी चिखलात उतरल्या. आधी वाकून मोड, म्हणजे भातात माजणारं तण, उपटलं, मूठभर, बांधावर टाकलं. मग लोंब्या कापल्या. एक लोंबी तळहातावर चोळली आणि दाणा दाताखाली धरला. नाना बांधावर काकींच्या चपला हातात धरून उभे होते.

"तोच हाय," काकी म्हणाल्या, कुणाला म्हणून नाही. मग नानांकडे बघितलं. "चला. घराला कुलूप लावलंय का तसंच आलाय?"

त्यानंतर महिन्याभरात आमची पनवेलला बदली झाली. सामान बांधणं, मुलीची शाळा, या सगळ्यात नानांशी निवांत बोलणं काही झालं नाही. पुढल्या वर्षी नाना गेल्याचं काकींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी परीक्षेच्या हॉलवर होते, जाता आलं नाही, आणि त्याची रुखरुख अजून आहे. त्यामुळे नाना म्हटलं की मला त्याच दसऱ्याची दुपार दिसते. मी रिक्षातून काकींचं सामान उतरवत होते. पितळी घंटी काढून झाली होती. नाना स्टुलावर चढून, रस्त्याकडे तोंड करून, डोक्यावरच्या चौकटीवर नवं धरून उभे होते आणि काकी खाली रस्त्यात, कमरेवर हात ठेवून.

"जरा डावीकडं घ्या," काकी म्हणाल्या.

नानांनी डावीकडे घेतलं.

"तुमचं डावं नाय वो. माझं डावं."

सगळ्या भिसेगावाला दिशा सांगणाऱ्या नानांनी एकदा खाली काकींकडे बघितलं, आणि नवं काकींच्या डावीकडे सरकवलं.